खाली घेतलेला हात

२०१६ साल. कागदावर मी साठ वर्षांचा होतो, आईच्या हिशोबानं अठ्ठावन्न. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं साल टाकलं आणि दोन वर्षं माझ्या अंगावर फुकट चढवली. चौथीत शाळा सुटली, पण ती दोन वर्षं काही उतरली नाहीत. कंपनीनं कागद बघितले आणि सांगितलं, कांबळे, ह्या वर्षी तुमची नोकरी पुरी. म्हणजे तो माझा कामावरचा शेवटचा हिवाळा होता, आणि त्याच हिवाळ्यात माझ्या भावानं आणि बहिणीनं मला युरोप दाखवायला नेलं.

परवा वारा फिरला आणि हे सगळं परत वर आलं. बहरीनमध्ये थंडी हळूहळू येत नाही. एक दिवस उत्तरेकडून शमाल सुटतो, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दोरीवर आडवे होतात, आणि सहा महिने उकडून काढलेल्या पाण्यासारखा येणारा समुद्राचा वास एका दुपारीत धुतल्यासारखा होतो. सून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ब्लँकेटं काढते. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस घरभर फिरतो. लोक गाड्यांवर तंबू बांधून वाळवंटात मुक्कामाला निघतात. मी कानटोपी चढवतो आणि नातू अर्ध्या चड्डीत समोर येऊन म्हणतो, "आबा, इट्स नॉट इव्हन कोल्ड." मराठी त्याला सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीतच देतो. मीही मराठीतच शिव्या घालतो, दोघांचं बरं चाललंय.

त्याच दिवशी निर्मलाचा व्हॉइस मेसेज आला. निर्मला माझी धाकटी बहीण, पुण्याला शाळेची मुख्याध्यापिका होती, आता रिटायर झाली. म्हणाली, दादा, त्याला आता दहा वर्षं होतील, ह्या वर्षी परत तिघं मिळून जाऊ या का, अरविंदही तयार आहे, ह्या वेळी व्हिएन्नाला जाऊ. मी मेसेज तीनदा ऐकला. मग 'नाही' एवढंच टाईप करून पाठवलं. तिनं विचारलं, का? का ते तिला माहीत आहे. तरी विचारलं. म्हणून लिहायला बसलोय.

मी रिगर होतो. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रेन लोड उचलते हे सगळ्यांना दिसतं. पण त्या लोडला पट्टे कुठून घालायचे, हुक कुठे अडकवायचा, वजन कुठल्या बाजूला जास्त आहे, उचलल्यावर ते कुठे झुकेल, हे ठरवणारा माणूस खाली जमिनीवर उभा असतो. तो रिगर. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं नीट दिसत नाही आणि मशिनच्या आवाजात ऐकूही येत नाही. त्याला फक्त रिगरचे हात दिसतात. बोट वर करून फिरवलं की उचल. मूठ मिटली की धरून ठेव. तळहात खाली करून हलवला की उतरव. अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम वितळवायचा मोठा कारखाना आहे, तिथे मी चौतीस वर्षं हे हात हलवले. बिहारी, पाकिस्तानी, फिलिपिनो, बहरीनी, सुदानी, कुठल्याही देशाचा क्रेनवाला असो, माझी भाषा त्याला कळली नाही असं एकदाही झालं नाही. मला इंग्रजी येत नाही म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. क्रेनखाली कोणी हसलं नाही.

आमच्या कामात एक कायदा आहे. उचल ही खूण फक्त रिगरनं द्यायची. उतरव ही पण त्यानंच. पण थांब ही खूण कोणीही देऊ शकतो. साहेब असो, झाडूवाला असो, रस्त्यानं जाणारा असो. ज्याला चूक दिसली त्यानं दोन्ही हात आडवे पसरायचे, आणि क्रेनवाल्यानं ते हात कोणाचे आहेत हे न बघता थांबायचं. चूक दिसूनही ज्यानं हात वर केले नाहीत, तो आमच्यात माणसात जमा नाही. हे मला पहिल्या हिवाळ्यात खान उस्तादनं शिकवलं. तो पेशावरकडचा, पाच शब्द हिंदी आणि बाकी सगळं पश्तो. जानेवारीत शमाल अंगावर यायला लागला की आम्ही भट्ट्यांच्या शेडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचो, पाठ भाजायची आणि पोट गारठायचं, आणि उस्ताद तिथे उभा राहून मला हाताचे पाढे म्हणायला लावायचा. एकदा मला चूक दिसली होती आणि मी फोरमनला घाबरून गप्प बसलो. लोड नीट उतरला, काही झालं नाही. तरी उस्तादनं माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाला, "आज खलास नहीं हुआ. कल होगा." ती एकच थप्पड मी उभ्या आयुष्यात मनापासून मान्य केली. बापाचीसुद्धा केली नव्हती.

अरविंद माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, निर्मला दहानं. वडील गेले तेव्हा ती दोघं अजून चड्डीत होती. त्यांचं शिक्षण कसं झालं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते लिहिलं की मागितल्यासारखं वाटतं. एवढंच सांगतो की दोघं शिकली, चांगली शिकली, अरविंद बँकेत मॅनेजर झाला. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, तिथे खोटं बोलणार नाही.

ते दोघं मुंबईहून ग्रुपबरोबर निघाले आणि मी बहरीनहून. दुबईच्या विमानतळावर गाठ पडायची होती. मी दोन तास आधी पोचून गेट शोधून ठेवलं होतं. ग्रुप आला, वीस-बावीस माणसं, सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पट्टे. निर्मलानं धावत येऊन मिठी मारली. अरविंदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हे आमचे दादा. बहरीनला अ‍ॅल्युमिनियम कंपनीत इंजिनियर आहेत."

मला आधी वाटलं, चुकून बोलला असेल. मी तोंड उघडलं होतं. पण तोवर पुण्याचे लिमये म्हणून एक रिटायर्ड इंजिनियर पुढे आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, वा, म्हणजे आपण जातभाईच. त्यांना म्हणायचं होतं धंद्यानं. मी अरविंदकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. निर्मला माझ्या बॅगेची चेन लावत होती, जी लागलेलीच होती. मग मला कळलं की दोघांनी घरूनच ठरवून आणलंय.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो असतो तर पाच मिनिटांचा ओशाळेपणा झाला असता, बस. पण तीन वर्षांनी भाऊ-बहीण भेटत होते, आणि माझ्या खांद्यावर भावाचा हात होता, आणि त्यानं मला लोकांपुढे आपला म्हणून सांगितलं होतं. मी तोंड मिटलं.

प्रागला पोचलो तेव्हा नाताळ होऊन गेला होता, नवं वर्षही लागलं होतं. सीझन संपला की टूर परवडते, म्हणून ही तारीख. आम्ही सण बघायला नाही, सणाची आवराआवर बघायला गेलो होतो. रस्त्यांवरच्या दिव्यांच्या माळा शिडीवर चढून माणसं सोडवत होती. दुकानाबाहेर वाळकी झाडं आडवी टाकलेली, त्यांच्या सुया बर्फाच्या चिखलात मिसळलेल्या. तो वास मला अजून येतो, ओल्या लाकडाचा आणि दालचिनीचा. बर्फ पांढरं असतं असं मला वाटायचं. गावातलं बर्फ दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या रंगाचं होतं, हे तिथे कळलं. नदीवर जुना दगडी पूल, दोन्ही बाजूंना काळे पडलेले पुतळे, त्यांच्या डोक्यांवर आणि खांद्यांवर तेवढं स्वच्छ बर्फ बसलेलं, कारण तिथे कोणाचा पाय पोचत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. लिमये पुलावर माझ्याशेजारून चालायचे आणि विचारायचे, कांबळेसाहेब, एवढे दगड त्या काळात कसे चढवले असतील हो? मी सांगायचो. दगड बघितला की त्याचं वजन मला कळतं, कुठे दोर घातले असतील तेही कळतं. मी सांगायचो तसं लिमये मान डोलवायचे, थांबून बायकोला सांगायचे, बघ, प्रॅक्टिकल माणूस कसा असतो. चौतीस वर्षांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तीन दिवस म्हटलं, आणि ते अंगाला लागलं. मी हात मागे बांधून चालायला लागलो. आमचे सगळे इंजिनियर असेच चालायचे, हात मागे बांधून, कारण त्यांना हातांचं काही काम नसायचं. अरविंद खूश होता. जेवताना माझ्या ताटात स्वतः वाढायचा. लहानपणी एका भाकरीवरून माझ्याशी मारामारी करणारा माझा भाऊ त्या तीन दिवसांत मला परत मिळाला होता. किंवा त्याला हवा तसा भाऊ त्याला मिळाला होता, आणि मी मध्ये उगाच खूश होतो.

लिमयेबाईंनी पहिल्याच रात्रीच्या जेवणाला विचारलं होतं, कांबळे म्हणजे कुठले तुम्ही? मी गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, नाही, म्हणजे तसं नाही हो, सहज. आणि सूप ढवळत बसल्या. सहज काय असतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको. अरविंद लगेच मध्ये पडून माझ्या कंपनीबद्दल बोलायला लागला, केवढी मोठी आहे, जगात कुठे कुठे माल जातो. तेव्हा मी हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही. तो घाई करत होता, घरात पाहुणा येताना अंथरूण गोळा करावं तशी.

चौथा दिवस. शहराच्या जुन्या चौकात एक मोठं घड्याळ आहे. तासाचे ठोके पडायच्या वेळी वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि त्यांतून साधुसंतांच्या बाहुल्या एकामागून एक फिरतात, शेवटी वर बसवलेला कोंबडा आरवतो. ते बघायला जगभरची माणसं माना वर करून उभी राहतात. आमचा ग्रुपही उभा राहिला. गाईडबाई छत्री वर धरून सगळ्यांना एकत्र ठेवत होत्या. मी कडेला होतो. घड्याळाच्या पलीकडे चौकात नाताळच्या बाजाराच्या लाकडी टपऱ्या उचलून ट्रकवर चढवणं चाललं होतं. ट्रकवरच बसवलेली छोटी क्रेन, पिवळी. सगळ्यांची तोंडं वर, माझं एकट्याचं समोर.

टपरीखालून दोन पट्टे घातले होते. दोन्ही मोकळे, एकमेकांना बांधलेले नाहीत. आणि टपरीच्या एका टोकाला आत लोखंडी शेगडी तशीच राहिलेली, उघड्या फळीतून दिसत होती. म्हणजे सगळं वजन त्या टोकाला. उचललं की टोक खाली जाणार आणि पट्टे सरकणार. हे समजायला मला एक श्वास लागला. खाली एक माणूस होता, पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाचा, नारिंगी जाकीट घातलेला. टपरी हलू नये म्हणून तो त्याच जड टोकाला हातानं धरून चालत होता. लोडला दोरी बांधतात आणि दोरी धरून लांब उभं राहतात. हात लावत नाहीत. हे मी शंभर पोरांना शिकवलंय.

क्रेननं उचललं. टोक झुकलं. माझे हात आपोआप वर गेले. मी विचार केला नाही, चौतीस वर्षांच्या सवयीनं गेले. खांद्यापर्यंत गेले होते, पसरायचेच होते. निर्मलानं माझा कोपर धरला. हळूच, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "दादा, हात खाली घे. लोक बघतायत."

लिमये खरंच बघत होते. डोळ्यांत नुसतं कुतूहल, बाकी काही नाही. मी हात खाली घेतले. नुसते खाली नाही, कोटाच्या खिशात घातले.

वर बाहुल्या फिरायला लागल्या. लोकांनी मोबाईल वर केले. आणि टपरी सरकली. फार मोठा आवाज झाला नाही, जड लाकडी पेटी दगडावर टेकल्यासारखा. त्या माणसाचा हात टपरीचं टोक आणि ट्रकची फळी यांच्यामध्ये होता. तो ओरडला, आणि तेवढ्यात घड्याळावरचा कोंबडा आरवला, म्हणून चौकातली माणसं हसली. त्यांना वाटलं तो आवाज खेळातलाच.

गाईडबाईंनी छत्री हलवली. पुढचं ठिकाण होतं. मी जागचा हललो नाही तर अरविंदनं माझ्या दंडाला धरून चालवलं. मागे वळून बघितलं तेव्हा त्या माणसाला दोघांनी दगडी पायरीवर बसवलं होतं आणि कोणीतरी आपल्या गळ्यातला मफलर त्याच्या हाताला गुंडाळत होतं. मफलर करड्या रंगाचा होता. कुठला रंग होता ते लगेच कळेनासं झालं.

आमच्या झिंजच्या फ्लॅटसमोर सध्या एक बिल्डिंग उभी राहतेय. बाल्कनीत खुर्ची टाकून मी सकाळपासून त्यांची क्रेन बघत असतो. मुलगा म्हणतो, पप्पा, अमवाजला घर घेऊ, तिथे समुद्र दिसेल. मला समुद्र नको. मी क्रेन बघतो. कधीकधी चूक दिसते. मग मी कठड्याला टेकून उभा राहतो आणि दोन्ही हात आडवे पसरतो. सातव्या मजल्यावरून मी त्यांना दिसतो की नाही माहीत नाही. सून आतून बघते आणि चहा आणून ठेवते. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईनं एकदा तिला विचारलं म्हणे, तुमचे सासरे सकाळी योगा करतात का. सुनेनं हो म्हणून सांगितलं. सांगू दे. त्या बाईला तेवढंच पुरे.

प्रागच्या त्या संध्याकाळी मी जेवायला गेलो नाही. दोघं माझ्या खोलीवर आली. अरविंदनं ताटात काहीतरी झाकून आणलं होतं. मी त्याला विचारलं की इंजिनियर कशाला केलंस मला. तो आधी हसण्यावारी न्यायला लागला, दादा, काय एवढं, ग्रुपमध्ये असं चालतं, सगळेच थोडं वाढवून सांगतात. मी परत विचारलं. मग त्याची शहरी भाषा गळाली आणि आपल्या गावची वर आली. म्हणाला, "तुला काय ठावं रं दादा? तू तिकडं वाळूत. तिथं तुला आडनाव कोण इचारतं? मी तीस वर्सं बँकेत काढली. आडनाव सांगितलं की म्होरच्याचं तोंड कसं हुतं ते मी रोज बघितलंय. त्यात भाऊ हमाल म्हणून सांगू?"

हमाल म्हणाला. रिगर म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

त्याचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या बोलण्यातलं पहिलं अर्धं खरं होतं. इथे वाळवंटात आम्ही सगळेच नंबर आहोत, पाठीवर छापलेले, कांबळे आणि लिमये यांना एकच बस आणि एकच उन्हाळा. त्याला तिकडे जे सोसावं लागलं ते मला नाही लागलं. मी त्याला बँकेत पाठवलं आणि समजलो, काम झालं. पुढे तो तिथे एकटा काय करतो हे मीही कधी विचारलं नाही. हे सगळं मला आता कळतं. त्या संध्याकाळी कळत नव्हतं. मी म्हटलं, तुमच्यापायी आज एका माणसाचा हात गेला. निर्मलाकडे बघून म्हटलं, तू माझा हात धरलास.

निर्मला पलंगाच्या कडेवर बसली होती. ती रडत नव्हती. शाळेत पोरांसमोर उभी राहते तशी सरळ बसली होती. म्हणाली, "दादा, मी नुसता हात लावला. खाली तू घेतलास."

तिचं ते वाक्य मी दहा वर्षं फिरवून फिरवून बघतोय, कुठून तरी पट्टा घालता येईल म्हणून. घालता येत नाही. ती बाई पन्नास किलोची. रोज टनांनी लोड फिरवणारे माझे हात तिच्या दोन बोटांनी खाली आले, असं कोणत्या तोंडानं सांगू? मला साहेब राहायचं होतं. आणखी चार दिवस. एवढंच कारण. दुसरं शोधायला मी पुष्कळ प्रयत्न केला. अरविंदवर ढकललं, लिमयांवर ढकललं, त्या टपरीवाल्यांवर तर रोज ढकलतो, कारण पट्टे त्यांनीच मोकळे सोडले होते. हे सगळं खरंच आहे. तरी ज्याला चूक दिसली तो मी होतो.

त्यानंतर आमच्यात काय राहिलं ते सांगतो. अरविंद सणाला मेसेज करतो, फुलांची चित्रं आणि तयार मजकूर. मुलीच्या लग्नाला बोलावलं, मी गेलो, स्टेजवर शेजारी उभे राहून फोटो काढला. पाहुण्यांना त्यानं सांगितलं, हे माझे मोठे बंधू, बहरीनला असतात. पुढे काय करतात ते सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. निर्मला फोनवर तब्येत विचारते, गोळ्या विचारते. त्या चौकाबद्दल तिघंही बोलत नाही. आणि आता ती म्हणते व्हिएन्नाला जाऊ. तिला वाटत असेल, दहा वर्षांत दादा निवला असेल. भट्टीतला धातू निवला म्हणजे मऊ होत नाही, एवढं तिला कोण सांगणार.

कधीकधी वाटतं, जावं. तिघंही म्हातारे झालो. कोणाचा किती भरवसा. मग शमाल सुटतो, हात गार पडतात, मी ते काखेत घालतो आणि मला तो मफलर आठवतो. मी नाही जाणार.

प्रागमध्ये त्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप एका राजवाड्याला जायचा होता. बस नऊला. मी साडेसातला खाली उतरलो. लॉबीत लिमये पेपर चाळत बसले होते, काहीही वाचता येत नसलेला परदेशी पेपर. अरविंद कॉफीच्या मशिनपाशी होता. लिमये म्हणाले, काय साहेब, एवढ्या लवकर कुठे? मी थांबलो आणि अरविंदला ऐकू जाईल असं म्हटलं, "मी साहेब नाही. क्रेनखाली उभा राहणारा कामगार आहे. काल चूक दिसली होती आणि गप्प बसलो. आज चाललोय." लिमये उठून उभे राहिले. का उठले ते माहीत नाही. अरविंदच्या हातातला कप भरून वाहायला लागला तरी त्यानं बटण सोडलं नाही.

चौकापर्यंत चालत गेलो. रस्ता दोनदा चुकलो. क्रेन तीच, माणसं तीच, पांढरी दाढी मात्र नव्हती. कडेनं लोखंडी कठडे लावले होते. मी कठड्यापाशी उभा राहून एका कामगाराला हाक मारली. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. मी हनुवटीपुढे हात धरून दाढी दाखवली, मग माझा उजवा हात पुढे केला आणि त्यावर बोट ठेवलं. त्याला लगेच कळलं. त्यानं स्वतःचा हात वर धरला, पाचही बोटं उघडी. मग त्यातली दोन मिटली.

मला त्याला सांगायचं होतं की मला दिसलं होतं. दिसलं होतं ह्याची खूण आहे, डोळ्याकडे बोट केलं की झालं. माफ कर ह्याची खूण आमच्या धंद्यात नाही. ती कधी लागेल असं खान उस्तादला वाटलं नसावं. तो माणूस वळला आणि कामाला गेला.

चौकात अजून चौदा टपऱ्या उरल्या होत्या. बस नऊला सुटली असेल. मी कठड्याला लागून उभा राहिलो, हात बाहेर ठेवून, आणि प्रत्येक टपरीचे पट्टे बघत राहिलो. नवव्या टपरीला पट्टा परत कडेला लागला होता. मी दोन्ही हात पसरले. क्रेनवाल्यानं खिडकीतून मला बघितलं आणि क्रेन थांबवली. खालच्यांनी पट्टा सरकवून घेतला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. शेवटची टपरी ट्रकवर चढायला दुपारचा एक वाजला. तोवर मी तिथेच होतो.